फुलोरा जमतो, मग लेकराचा वाढदिवस का जमत नाही?

आमंत्रण सातचं. ताटं साडेनऊला. आणि वाढदिवस कुणाचा? तीन वर्षांच्या पोरीचा. एरवी ती साडेआठला जेवून झोपलेली असते, हे तूच मला कौतुकानं सांगितलं होतंस. मग तिच्या स्वतःच्या वाढदिवसाला तिला उपाशी कुणी झोपवलं? पाहुण्यांनी? लाइटनं? की तू?

तोंड फिरवू नकोस. दुसरी कुणी असती तर मी गप्प बसले असते. ओटी घेऊन, लेकराच्या हातात पाकीट ठेवून घरी गेले असते. पण तू माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसलेली आहेस. आठवीला अन्नविषबाधेच्या प्रश्नाचं उत्तर तू असं लिहिलं होतंस की मी ते सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं होतं. तुला कळत नाही असं म्हणायची सोय तू माझ्यासाठी ठेवलेलीच नाहीस. तुला कळतं. वळत नाही. राग त्याचाच आहे.

काय म्हणालीस? वेळच मिळाला नाही? वाढदिवस काय दारात अचानक येऊन उभा राहतो? तारीख जन्मदाखल्यावर छापलेली आहे. चौकातल्या फ्लेक्सला वेळ मिळाला. फुग्यांच्या कमानीला मिळाला. पोरीच्या फ्रॉकला मॅचिंग साडी शोधायला तू नांदेडला दोनदा जाऊन आलीस. केकवर कुठलं कार्टून हवं यावर घरात चार दिवस चर्चा झाली. लेकरांच्या पोटात काय जाणार, एवढ्या एकाच गोष्टीला वेळ उरला नाही. वेळ होता, बाई. तो तू दिसणाऱ्या गोष्टींवर खर्च केलास.

लाइट गेली म्हणे. हिंगोलीत, एप्रिल महिन्यात, संध्याकाळी वारं सुटल्यावर लाइट गेली. नवल झालं का? जन्म इथला, सासर इथलं, आणि वळवाच्या वाऱ्यात तारा तुटतात हे तुला आजच समजलं? आलं-लसूण वाटायचं होतं, चटणी करायची होती, डाळ भिजून पडली होती, आणि मिक्सरला हात लावला कधी? साडेपाचला. ते वाटण आदल्या दिवशी दुपारी झालं असतं तर गेलेली लाइट तुझ्या कामाच्या आड आली असती का? मेणबत्त्या नाही तरी लावायच्याच होत्या.

पाहुणे जास्त आले, ही तिसरी सबब. आले की तू बोलावलेस? गल्लीच्या ग्रुपवर पत्रिका टाकलीस, बचत गटाच्या ग्रुपवर टाकलीस, नवऱ्याच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकलीस, कळमनुरीचे मामा आणि वसमतच्या जावा तर वेगळ्याच. तीन वर्षांच्या पोरीच्या ओळखीची माणसं किती? अंगणवाडीतली आठ-दहा लेकरं, शेजारची दोन, आजी-आजोबा. बाकीचे कुणासाठी आले? आणि त्या बाकीच्यांसाठी पनीरची भाजी, जिरा राइस, दाल तडका, बासुंदी. त्या यादीत लेकरांचं काय होतं ते दाखव मला. पनीर तिखट. डाळ तिखट. साडेसहालाच त्यांच्या हातात वेफरची पाकिटं कोंबून गप्प केलंस, आणि वर मलाच सांगतेस की, "बाई, आजकालची मुलं काही खातच नाहीत." भूक तू मारलीस आणि दोष लेकरांना?

आता मला एक सांग. भाद्रपदात तुझ्याकडे महालक्ष्म्या बसतात ना? ज्येष्ठा-कनिष्ठा तीन दिवसांच्या माहेरवाशिणी, आणि घरात पन्नास-साठ पान. तेव्हा तुझी अशी दाणादाण का उडत नाही? फुलोरा कधी करतेस? आधी. करंज्या, साटोऱ्या, शंकरपाळे, लाडू, वेणी-फणी, सगळं आठवडाभर आधी तळून डब्यात. भाजण्या, कूट, मसाले त्याच्याही आधी. पूजेच्या आदल्या दिवशी डाळ निवडलेली, भाज्या आणलेल्या, आंबिलीचं पीठ भिजवलेलं, कोण पुरण वाटणार आणि कोण पोळ्या लाटणार हे ठरलेलं. आणि पुरण? आंबील? सोळा भाज्या? भजी-वडे? ते त्याच सकाळी. आदल्या रात्रीचं पुरण देवीपुढे ठेवायला तुझा हात धजेल का? नाही धजणार. दुपारी नैवेद्य म्हणजे दुपारीच नैवेद्य. कुणी घड्याळ दाखवावं लागत नाही.

कोरडं आणि तळलेलं आधी करायचं, ओलं आणि दुधाचं त्याच वेळी करायचं, ही शिस्त तुझ्या सासूनं तुला वही-पेन न घेता शिकवली. ती तिच्या सासूनं तिला शिकवली. फ्रिज नव्हता, थर्मामीटर नव्हता, पण मराठवाड्याच्या उकाड्यात काय टिकतं आणि काय टिकत नाही हे त्या बायांना पक्कं ठाऊक होतं. तुलाही ठाऊक आहे. दरवर्षी तू ते पाळतेस. मग देवीच्या नैवेद्याला जी काळजी, ती लेकरांच्या ताटाला का नाही? देवी खात नाही गं. लेकरं खातात.

मला माहीत आहे असं का होतं. आमच्या पिढीला वाढदिवस नव्हतेच. शाळेच्या दाखल्यावर निम्म्या वर्गाची जन्मतारीख एक जून. फार तर आईनं औक्षण करायचं, हातावर काहीतरी गोड ठेवायचं, संपलं. केक, हॉल, शंभर माणसं हे सगळं नवं आहे आणि त्याची रीत घालून द्यायला तुला आजी नव्हती. हे मी मान्य करते. पण रीत नवी असली तरी दूध तेच आहे, भात तोच आहे आणि ऊनही तेच आहे.

आणि इथं माझा खरा संताप आहे. तू आधी काही केलंच नाहीस असंही नाही. केलंस, पण नेमकं उलटं केलंस. जे आठ दिवस आधी व्हायला हवं ते राहिलं, आणि जे शेवटच्या तासात व्हायचं ते तू आधीच उरकून ठेवलंस. जिरा राइस किती वाजता शिजवलास? एकला. पातेल्यावर टॉवेल टाकून ओट्यावर ठेवलास आणि रात्री साडेनऊला वाढलास. पनीर सकाळी आणलं, ते पाच वाजेपर्यंत पिशवीतच. बासुंदी दुपारी आटवून, गार व्हावी म्हणून पंख्याखाली. पॅटिसचे बटाटे तर आदल्या रात्री उकडून, कुस्करून परातीत. "आधीच तयारी करून ठेवली, बाई," असं तू मला अभिमानानं सांगत होतीस. ही तयारी?

आठवीतलं उत्तर परत म्हणून दाखव. जंतू कुठल्या तापमानात झपाट्यानं वाढतात? पाच अंशांच्या वर आणि साठ अंशांच्या खाली. तुझ्या स्वयंपाकघरात त्या दिवशी किती होतं? बाहेर चाळीस, आत गॅस पेटलेला. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये, आणि हवाच बत्तीसच्या वर तापलेली असेल तर तासाभराच्या वर नाही. तुझा भात साडेआठ तास बाहेर होता. भातातल्या बॅसिलस सीरियसचे बीजाणू उकळीनं मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. "वाढताना गरम केला होता की!" केला होतास. त्यातलं एक विष गरम करून जात नाही, हेही त्याच धड्यात होतं. दुधाच्या, खव्याच्या, क्रीमच्या पदार्थांचा वैरी दुसरा, स्टॅफिलोकॉकस ऑरियस. तो येतो माणसाच्या नाकातून, हाताच्या फोडातून, चिघळलेल्या नखुरड्यातून. त्याचंही विष उकळी पचवतं. बासुंदी ढवळणाऱ्या तुझ्या नणंदेच्या बोटाला पट्टी होती. मी पाहिली. तू पाहिली नव्हतीस? की पाहून न पाहिल्यासारखं केलंस, कारण तिला सांगायचं कसं?

काही झालं नाही म्हणतेस. कुणाला उलटी झाली नाही, कुणाला जुलाब नाहीत. नशीब म्हण. नशिबाला तुझी अक्कल समजू नकोस.

शेजारी बघ. ६ फेब्रुवारी २०२४ ला लोहा तालुक्यात, कोष्टवाडीत, धार्मिक कार्यक्रमाचं जेवण जेवून सुमारे दोन हजार माणसं आजारी पडली. पुरता पंधरवडा उलटला नव्हता, तोच बुलढाण्याकडे, लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात, हरिनाम सप्ताहातला एकादशीचा प्रसाद खाऊन शेकडो लोक बीबीच्या रुग्णालयात. खाटा पुरल्या नाहीत म्हणून उघड्यावर दोऱ्या बांधून सलाइन लटकवाव्या लागल्या. ते फोटो तू मोबाइलवर पाहिलेस, हळहळलीस, पुढे पाठवलेस. त्यातून स्वतः काय घेतलंस? आणि लक्षात घे, तो महिना फेब्रुवारीचा होता. तुझ्या पोरीचा वाढदिवस एप्रिलात येतो.

मोठा माणूस दोन दिवस निजून उठतो. तीन वर्षांच्या लेकराचं वजन केवढं? बारा-तेरा किलो. चार उलट्या आणि चार जुलाब झाले की डोळे आत जातात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली हिशोब मांडला: दूषित अन्नानं जगात दरवर्षी जे ४ लाख २० हजार लोक मरतात, त्यांत १ लाख २५ हजार पाच वर्षांखालची मुलं. लोकसंख्येत त्यांचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी आहे. मरणात तो तीसच्या घरात जातो. आणि तुझ्या घरी त्या संध्याकाळी नेमकी हीच मंडळी गोळा झाली होती. दुसऱ्यांची लेकरं. विश्वासानं पाठवलेली.

फ्रिज होता ना घरात? होता. त्यात काय होतं? केकचा खोका, कोल्ड्रिंकच्या बाटल्या आणि हाराची फुलं. दार दर दोन मिनिटांनी उघडं. लाइट गेल्यावर बंद दाराचा फ्रिज चार तास थंडावा धरतो. तुझ्याकडे त्याचं दार लागलेलंच नव्हतं. कोल्ड्रिंकला बर्फाची बादली चालली असती. पनीरला, क्रीमला बादली चालत नाही.

आणि तो भजी निथळायला अंथरलेला पेपर! किती वर्षं सांगतेय. २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमांत अन्न वर्तमानपत्रात ठेवायला, गुंडाळायला मनाई आहे. शाई तेलात उतरते. घरात स्टीलची चाळणी आहे, तिचं काय लोणचं घालायचंय? शिऱ्याला तो भडक रंग कशाला? वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जगाला आपण आपली हळद अभिमानानं सांगतो, आणि आपल्याच लेकरांना डबीतला रंग? शिरा पिवळा दिसायला हवाच असेल तर हळदीची चिमूट पुरते. नाही तर पांढरा शिरा खाऊन कुणाचं काय बिघडतं?

बशीतले अख्खे शेंगदाणे मीच उचलून ठेवले, हे तुझ्या लक्षातही आलं नाही. फुटाणे, अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न, कडक गोळ्या चार-पाच वर्षांखालच्या लेकराच्या श्वासनळीत अडकतात. त्यात लेकरं धावत होती, हसत होती, फुगे फोडत होती. दाण्याचा कूट करायला किती वेळ लागतो? द्राक्ष उभं चिरायला?

आता "मग करायचं तरी काय" असं भाबडं तोंड करून विचारू नकोस. तुला येतं सगळं. मुरमुऱ्याचा फिका चिवडा आणि खारे-गोडे शंकरपाळे आठ दिवस आधी होतात, मुलांच्या बेतानं बारीक कापून. बेसनाचे किंवा रव्याचे लाडू चार दिवस आधी, सुपारीएवढे, म्हणजे अर्धा खाऊन टाकला असं होणार नाही. आदल्या दिवशी वाटणं करून, बंद डब्यात, फ्रिजमध्ये. धपाट्याची पिठं मिसळून ठेव आणि सकाळी कमी तिखटाचे, तळहाताएवढे धपाटे भाजून घे. आपण ते प्रवासाला बांधून नेतो, मग संध्याकाळपर्यंत टिकणार नाहीत का? इडलीचं पीठ आदल्या दिवशी आंबव, आंबलं की फ्रिजमध्ये टाक, आणि लेकरं आल्यावर छोट्या इडल्या लाव. पंधरा मिनिटं. नाही तर सुशीला कर. मुरमुरे भिजवायचे, पिळायचे, फोडणीवर टाकायचे, दाण्याचा कूट घालायचा. मराठवाड्यातल्या बाईला सुशीला करायला दहा मिनिटांच्या वर लागली तर तिनं नाव सांगू नये. दही ऐन वेळी फ्रिजमधून काढ. केक शेवटी आण, कापला की वाट, उरलेला लगेच आत. भात हवाच असेल तर सहाला शिजव आणि सातला वाढ. आधी शिजवलेलं काही ठेवायचंच असेल तर खोल पातेल्यात झाकून ठेवू नकोस. परातीत पसर, वाफ जाऊ दे, मग थेट फ्रिजमध्ये. पाणी उकळून गार केलेलं, मुलांसाठी वेगळ्या माठात, वगराळ्यासकट. हात धुवायला साबण दारातच.

यातलं काय नवीन सांगितलं मी? एक तरी गोष्ट?

आणि तुझा नवरा. हे त्यालाही वाचून दाखव, नाही तर मी येऊन वाचते. स्टेज बांधताना होता, साउंडवाल्याशी भांडताना होता, दारात हात जोडून पाहुण्यांचं स्वागत करताना होता. स्वयंपाकघरात कधी होता? बटाटे सोलायला पदवी लागते का? लाडू वळायला बांगड्या लागतात? "हे काही करत नाहीत" असं तू मला सांगतेस, पण त्याला नीट काम सांगितलंस कधी? काय आणायचं, कधी आणायचं, कुठे ठेवायचं, हे लिहून त्याच्या हातात दिलंस? सांगायचं नाही, वाट बघायची, मग धुमसायचं, आणि शेवटी "जाऊ दे, मीच करते." ही सवय तुझी आहे आणि तो तिचा फायदा घेतो. दोघंही शिकलेले. दोघंही दोषी.

आता जे सांगते ते लागेल. लागू दे. तुला मनातून असं वाटतं की आईनं दमलंच पाहिजे. घामानं भिजलेली, केस विस्कटलेली, सगळ्यांच्या शेवटी उरलंसुरलं खाणारी आई म्हणजे चांगली आई. आधी तयारी करून, तोंड धुऊन, नीट साडी नेसून लेकराजवळ बसलेली आई तुला आळशी वाटते. लोक काय म्हणतील याची धास्ती वाटते. म्हणून तू कामं शेवटच्या दिवसावर ढकलतेस. शेवटच्या दिवशी धावपळ दिसते ना. धावपळ दिसली की कष्ट दिसतात. आठ दिवस आधी शांतपणे भरलेला शंकरपाळ्याचा डबा कुणाला दिसत नाही. याला मी कष्ट म्हणत नाही. आठ दिवसांचा आळस एका दिवसाच्या घामानं धुवायचा हा प्रकार आहे, आणि तो तू स्वतःपासूनही लपवतेस.

केक कापताना तुझी पोर तुला शोधत होती. तू पुऱ्या तळत होतीस. तुझ्या जावेनं तिचा हात धरून सुरी फिरवली. तिच्या तिसऱ्या वाढदिवसाच्या फोटोंत तिची आई नाही. पुऱ्या आठवणार नाहीत कुणाला. तिला मोठेपणी तो फोटो दिसेल, आणि ती विचारेल.

धाकट्याचा पहिला वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे. मे महिना, म्हणजे ऊन आणखी वाढलेलं. माणसं पंचवीस, त्यावर एकही नाही. वेळ संध्याकाळी साडेपाच, आणि सातला सगळी लेकरं जेवून मोकळी. रविवारी सकाळी दोघं माझ्याकडे या. काय आधी, काय आदल्या दिवशी, काय त्या तासाला आणि कोण करणार, हे लिहून आणा. नवऱ्याच्या नावापुढे निम्मी कामं नसतील तर मी तो कागद परत करीन, आणि तू पुन्हा लिहून आणशील. सबब घेऊन येऊ नकोस.